जुन्या प्लेस्टेशन २ च्या डिस्कची कायदेशीर प्रत

प्रश्न (नौपाडा, ठाणे): मी विकत घेतलेल्या प्लेस्टेशन २ च्या एका डिस्कवर पावसाळ्यातील दमट हवेने बुरशीचा पांढुरका ठिपका उमटला आहे. तिची प्रत काढून संगणकावर खेळणे कायदेशीर ठरेल का?

उत्तर (वाशी): १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२(१)(एए) कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला, ती हरवण्या-बिघडण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून, संगणक-प्रोग्रामची राखीव प्रत करू देते, मात्र डिजिटल कुलपे तोडण्याविषयीचे, २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ए आपण अवश्य वाचावे.

उत्तर (कळवा): ही डिस्क संगणकाच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येते, म्हणून तिची आयएसओ फाइल (डिस्कची जशीच्या तशी संगणकीय प्रत) करून ती पीसीएसएक्स२ या, प्लेस्टेशन २ चे खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये चालवावी. त्यासाठी लागणारा बायोस (प्लेस्टेशन सुरू करणारा त्याचा मूळ प्रोग्राम) मात्र स्वतःच्याच कन्सोलमधून, म्हणजे प्लेस्टेशन यंत्रातून, काढावा. इंटरनेटवरून आयता उतरवलेला बायोस ही, माझ्या मते, सरळ चोरीच आहे.

प्रश्नकर्ता: मऊ कापडाने मधून कडेकडे पुसल्यावर डिस्क वाचली गेली. आभारी आहे.