वायरगार्ड कर्नलमध्ये हलवलं तरी स्पीड तेवढाच, टेस्ट चुकतेय का?

जुनाट_डबा: मंडळी, घरी जुन्या मिनी पीसीवर वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा एन्क्रिप्टेड बोगदा, टनेल) चालवतो. त्यावरचं लिनक्स पार जुनं होतं म्हणून इतके दिवस वायरगार्ड-गो (कर्नलबाहेर साध्या प्रोग्रामसारखं चालणारं वायरगार्ड) वापरत होतो, रविवारी सगळं पुसून नवीन डेबियन लिनक्स टाकलं आणि कर्नलमधलं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलंच वायरगार्ड चालू केलं. कर्नलवालं लय फास्ट असतं असं ऐकलेलं, तर बाहेरून घरच्या मशीनवर आयपर्फ३ (स्पीड मोजायचं टूल) मारलं, आधीही ९० एमबीपीएस, आताही ९०. लाईन दोन्हीकडून २०० ची आहे. रविवार वाया गेला का?

पॅकेट_पाहुणा: ९० हा आकडाच सगळं सांगतोय बघ. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर साध्या टीसीपीला जास्तीत जास्त ९४ मिळतात, वायरगार्ड आयपीव्ही४ वर प्रत्येक पॅकेटला ६० बाइट स्वतःचे चिकटवतं, एमटीयू (टनेलमधल्या पॅकेटची कमाल साइज) १४२० बाइट धरला तर हिशोब बरोबर ९० वर येतो. म्हणजे कुठेतरी लिंक १०० वर बसलीय. इथटूल (लिंकचा स्पीड दाखवणारी कमांड) मारून बघ. आणि टनेल बंद ठेवून आधी मोजलंस का? ते नसेल तर बाकीच्या आकड्यांना काय अर्थ नाही.

रात्रपाळी: वरच्याशी सहमत. अजून एक, आयपर्फ त्याच मिनी पीसीवर चालवू नकोस, एन्क्रिप्शन आणि आयपर्फ दोघं एकाच सीपीयूवर भांडतात आणि आकडा उगाच पडतो. त्याच्या मागे घरात असलेल्या दुसऱ्या मशीनवर चालव, मायनस आर (-R) लावून उलट्या दिशेनेही घे. ३.१६ च्या आधीचं आयपर्फ३ असेल तर मायनस पी (-P, एकाच वेळी किती कनेक्शन) कितीही दे, सगळं एकाच थ्रेडवर चालतं. बाकी वायरगार्ड-गो ला इतकं कमी लेखू नका राव, टेलस्केलवाल्यांनी (वायरगार्डवर व्हीपीएन सेवा देणारी कंपनी) त्यात जीएसओ-जीआरओ घातलं, म्हणजे एकेक पॅकेट न देता गठ्ठाच कर्नलकडे सरकवायचा, २०२३ मध्ये १० गिगाबिटच्या वर नेलं होतं त्यांनी. अर्थात तुझ्या जुन्या डब्यावर जुनंच व्हर्जन असणार.

जुनाट_डबा: धन्यवाद दोघांना, डोकं खाजवत बसलो होतो. टनेल बंद करून ९४ आले. राउटरची केबल बदलली, माळ्यावरची जुनी होती, त्यातली एक जोडी तुटलेली निघाली, लिंक लगेच १००० वर गेली. आता टनेलमधून १८५ च्या आसपास येतंय. मग राहवलं नाही, जुनी डिस्क परत लावून वायरगार्ड-गो वरही मोजलं तर तेही १८० च्या पुढे 😅 फक्त वायरगार्ड-गो चालताना टॉपमध्ये (सीपीयूचा वापर दाखवणारी कमांड) एक कोर जवळपास भरलेला दिसायचा, आता निम्माही नाही.

पॅकेट_पाहुणा: मग फरक बघायचाच असेल तर घरातल्या घरात गिगाबिट स्विचवर दोन मशीन जोडून मोज. २०० च्या लाईनवर दोन्ही सारखेच दिसणार.

जुनाट_डबा: पुढच्या रविवारी. घरच्यांनी परवानगी दिली तर.