वाल्याचा वाल्मीकी झाला, पण रांजणातल्या खड्यांचं काय?

दिवेघाट

गेली सहा वर्षं माउलींच्या पालखीबरोबर चालते आहे. जेजुरीनंतरचा मुक्काम वाल्ह्याला. पुरंदर तालुक्यातलं हे गाव वाल्मीकींचं समजतात, त्यांची समाधी तिथे मानतात. आमच्या दिंडीत त्या रात्री कीर्तनाला वाल्याचीच गोष्ट लागते. वाटमारी करणारा माणूस, दर खुनाला एक खडा रांजणात टाकणारा. असे सात रांजण भरले. मग नारद भेटतात आणि एवढंच म्हणतात, की ज्यांच्यासाठी हे करतोस ते पापात वाटेकरी होतील का, घरी विचारून ये. बायको-पोरं नाही म्हणतात. तोंडातून 'राम' निघत नाही म्हणून 'मरा मरा' म्हणत तो बसतो, अंगावर वारूळ चढतं, आणि त्यातून रामायण रचणारा बाहेर येतो.

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. पण पायाला फोड आलेले असताना, ताडपत्रीवर बसून, वाल्ह्यातच ऐकली तेव्हा ती माझी झाली. देव चांगल्या माणसांची वाट बघत थांबत नाही, असं मला मनापासून वाटतं. जे काम करून घ्यायचं ते तो आपल्यातल्याच कुणा पडलेल्याकडून करून घेतो, आणि करून घेता घेता त्याला घडवतो. विसोबा चाटी घ्या. संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानदेवांना आणि भावंडांना छळणारा. मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून कुंभारांना दम देणारा. तोच पुढे विसोबा खेचर झाला, औंढ्या नागनाथला नामदेवांचा गुरू झाला. आणि आमच्या दिंडीचे विणेकरी एके काळी मटक्याचे आकडे घ्यायचे. आज पहाटे चारला उठून सगळ्यांच्या आधी आंघोळ करून वीणा गळ्यात घालणारे तेच.

तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक

सात रांजण खडे. एका रांजणात किती मावतील याचा अंदाज करा. एकेक खडा म्हणजे एकेक माणूस. त्यांचीही बायको-पोरं संध्याकाळी दाराकडे डोळे लावून बसली असतील. त्यांचं पुढे काय झालं? गोष्टीत एक शब्द नाही. नारद मारणाऱ्याला भेटले, मेलेल्यांच्या घरी गेले नाहीत.

माझा आक्षेप हाच आहे. देवाने माणूस बदलला या प्रत्येक कथेत ज्याने अन्याय केला तोच नायक असतो आणि ज्यांच्यावर झाला ते मोजायचे खडे उरतात. शिवाय 'वाटेकरी होतील का' हा प्रश्न विचारायला देव कशाला हवा? तो साधा हिशेबाचा प्रश्न आहे. शेजारच्या म्हातारीनेही विचारला असता.

जुन्नरी

मी महादेव कोळी आहे. शाळेत ही गोष्ट आली की सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायचा. आज माझी मुलगी चौथीत आहे आणि तिच्याकडेही बघतात.

म्हणून थोडं शोधलं. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात वाल्मीकी भर सभेत रामाला सांगतात की मी प्रचेतसाचा दहावा पुत्र, आणि मनाने, वाचेने, कृतीने माझ्याकडून कधी पाप घडलेलं नाही. दरोडेखोराची कथा नंतरच्या ग्रंथांतली. अध्यात्म रामायणातही ती आहे, पण तिथे तो जन्माने ब्राह्मण आहे आणि किरातांच्या संगतीत बिघडतो. मग मराठीत तो 'कोळी' कसा झाला? पाप दाखवायला एक जात लागली आणि ती आमची घेतली. दिवेघाट ताई, तुमच्या श्रद्धेला माझा नमस्कार. मीही माळकरी आहे. पण पुढच्या वर्षी कीर्तनकार बुवांना नुसतं 'वाल्या' म्हणायला सांगा. गोष्टीचं काहीएक अडत नाही.

दिवेघाट

जुन्नरी दादा, सांगेन. वचन देते. इतकी वर्षं माझ्या हे लक्षातही आलं नाही याचं वाईट वाटतं.

अबोली

रोखठोक यांनी लिहिलंय ते माझ्या घरात घडलेलं आहे, म्हणून लिहिते.

माझे वडील प्यायचे. किती आणि कसे ते सांगत बसत नाही, ज्यांच्या घरात असतं त्यांना कळतं. आईच्या पाटल्या गेल्या, शिलाई मशीन गेलं. मी दहावीत असताना एका रात्री त्यांनी आईला अंगणात काढलं आणि आतून कडी लावली. पाऊस होता. कडी मी उघडायला हवी होती, पण भीतीने उघडली नाही. ते अजून डोक्यातून जात नाही.

पुढे त्यांना कुणीतरी पंढरपूरला नेलं. माळ घातली, दारू सुटली, खरंच सुटली. आता गावातल्या सप्ताहाला त्यांना मान असतो. लोक पाया पडतात. बुवा कीर्तनात नाव न घेता त्यांचा दाखला देतात, 'बघा, विठ्ठलाने कसा माणूस घडवला.' आई त्या वेळी मागे स्वयंपाकघरात दोनशे पानांचा स्वयंपाक बघत असते. तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. सतरा वर्षं तिने मार खाऊन घर चालवलं, आणि चमत्कार मात्र त्यांचा.

देवाने त्यांना बदललं असेल, मला मान्य आहे. पण देवाने तिला काय दिलं?

फक्त_आजचा_दिवस

अबोली ताई, मी तुमच्या वडिलांच्या बाजूचा माणूस आहे. म्हणजे पिणारा. अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये येऊन अकरा वर्षं झाली, आजचा दिवस सोबर आहे.

आमच्या बारा पायऱ्यांमध्ये दुसरीच पायरी आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीवर विश्वास ठेवायची. माझ्यापुरती ती शक्ती खरी आहे. मी स्वतःच्या जोरावर शंभर वेळा सोडून बघितली होती, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेतल्या होत्या. पण लोक दुसऱ्या पायरीवर टाळ्या वाजवून थांबतात. आठवी पायरी आहे ज्यांचं ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायची. नववी, त्या माणसांकडे स्वतः जाऊन जमेल तशी भरपाई करायची, त्यात त्यांना पुन्हा इजा होणार असेल तेवढं सोडून. माझी यादी वहीच्या दोन पानांची झाली. पहिलं नाव बायकोचं. तिच्यासमोर बसून वाचायला मला दीड वर्ष लागलं, आणि वाचून झाल्यावर ती उठून गेली. माफ केलं असं आजतागायत म्हणालेली नाही. म्हणावं अशी अपेक्षा धरणं हीसुद्धा एक मागणीच, हे मला फार उशिरा कळलं.

रोखठोक साहेब, देव वजा करून हे जमलेले लोकही आमच्या मीटिंगला आहेत, मी त्यांना कमी लेखत नाही. मला जमलं नाही एवढंच सांगतो. आणि अबोली ताई, वडिलांनी आईजवळ तो विषय कधी काढला का?

नागपूरकर

खड्यांवरून आठवलं म्हणून लिहितो. अंगुलिमालाची कथा सगळ्यांना माहीत असते, पण अर्धीच. बोटांची माळ घालणारा खुनी बुद्धांना भेटला, भिक्खू झाला, इथे बहुतेक जण संपवतात. पाली सुत्तात ती पुढे जाते. अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा लोकांची ढेकळं, काठ्या, दगड त्याच्या अंगावर येतात. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं, असा रक्ताळलेला तो परत येतो. बुद्ध लोकांना थांबवायला जात नाहीत. ते त्याला सांगतात, सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे.

रोखठोक विचारतात ते खडे इथे रांजणात राहत नाहीत, ते परत येऊन अंगावर पडतात. आणि इथे कृपा करणारा देव कुठेच नाही. बुद्धांनी मार्ग दाखवला, चालायचं त्याचं त्याने. म्हणून धाग्याच्या मूळ म्हणण्याशी मी असहमत आहे. ज्याला देवाने उचलून धरलं त्याला दगड कोण मारणार? उलट लोक पायाच पडतात. अबोली यांच्या घरी तेच झालंय.

वसईवाला

नागपूरकर, देवाने उचललेला माणूस सुटतो असं आमच्याकडे तरी नाही. जक्कयाची गोष्ट बघा. यरीहोचा मुख्य जकातदार, रोमन लोकांसाठी आपल्याच माणसांकडून वसुली करून गबर झालेला. बुटका, म्हणून येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला. येशू खाली उभा राहून म्हणाला, खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. लोक कुरकुरले, पाप्याच्या घरी उतरला म्हणून. आणि तेव्हा जक्कय काय बोलला? अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याचं लबाडीने घेतलंय त्याला चौपट परत करतो. येशूने हे मागितलंही नव्हतं. तारण आज या घरी आलं, हे वाक्य त्यानंतर येतं.

रविवारच्या मिस्सेला ही गोष्ट लागली की माझे वडील नेहमी एकच म्हणायचे, चौपटीचा आकडा विसरू नका. ते मासळीच्या धंद्यात होते, हिशेबाला पक्के. कृपा फुकट मिळते, पण ती मिळाल्याची खूण खिशात हात घातल्यावर दिसते, असं त्यांचं मत होतं. माझंही तेच आहे.

रोखठोक

जक्कयाकडे परत करण्यासारखे पैसे होते. खून परत करता येतो का? चौपट कशाची?

आणि माणूस माणसाला बदलू शकतो याचं उदाहरण आपल्याच मातीत आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर. औंध संस्थानाने १९३९ मध्ये मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेवरून कैद्यांची खुली वसाहत काढली. खुनाची शिक्षा झालेली माणसं गजाआड न ठेवता शेतीवर, पुढे बायकापोरांसह. कुणी वारूळात बसलं नाही, कुणाला साक्षात्कार झाला नाही. विश्वास टाकला, काम दिलं, माणसं उभी राहिली. याचं श्रेय देवाला दिलं की फ्रिडमनचं काम पुसलं जातं, आणि उद्या दुसरी वसाहत काढायची जबाबदारीही आपल्यावरून उतरते.

दिवेघाट

रोखठोक, स्वतंत्रपूरचं उदाहरण मला फार आवडलं, पण ते तुमच्याच बाजूचं आहे असं नाही. हेच फ्रिडमन रमण महर्षींच्या आश्रमात राहिलेले, पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या पायाशी बसून त्यांची वचनं इंग्रजीत नेणारे. खुन्यावर विश्वास टाकायचं बळ त्यांच्यात कुठून आलं, हे त्यांना विचारलं असतं तर ते फक्त इंजिनिअरिंग म्हणाले असते असं मला वाटत नाही. १९६० मध्ये विनोबांसमोर चंबळच्या वीस बागींनी, म्हणजे दरोडेखोरांनी, बंदुका ठेवल्या, तेव्हा विनोबांजवळ नैतिक अधिकाराशिवाय होतं काय? आणि त्या बागींवर पुढे खटलेही चालले. कृपा झाली म्हणून कोर्ट टळलं नाही.

पण खुनाची चौपट कशाची, याचं उत्तर माझ्याकडे नाही. काल रात्रभर विचार केला. विसोबाकडे परत आले. ज्या पोरांना छळलं त्याच पोरांच्या पाया त्याला पडावं लागलं, त्यांचंच उष्टं खावं लागलं. मुक्ताई तेव्हा केवढीशी होती. त्याची सुटका नुसती देवळात झाली नाही, ज्यांचं केलं त्यांच्या दारात झाली. ही गोष्ट मी आजवर चमत्कार म्हणूनच सांगत आले, पाठीवर मांडे भाजले म्हणून. उष्ट्याचा भाग घाईत उरकत होते. वाल्याला मात्र असं दार उरलं नव्हतं, ज्यांच्याकडे जायचं ते रांजणात होते. कदाचित म्हणूनच त्याला वारूळ होईपर्यंत बसावं लागलं. हे मी बचाव म्हणून लिहीत नाही, मला आता ते तसं ऐकू येतं.

देवाने बदललं हे मी सोडणार नाही. कारण मटक्याच्या टपरीपासून वीणेपर्यंतचं अंतर मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि आमचे विणेकरी ते स्वतःच्या नावावर घेत नाहीत.

रोखठोक

विणेकरी नम्र आहेत, म्हणून देव सिद्ध होत नाही. पण उष्ट्याचा मुद्दा पटला.

अबोली

फक्त_आजचा_दिवस दादांनी विचारलं होतं म्हणून काल आईला फोन केला. मला वाटत होतं, वडिलांनी कधी विषयच काढला नाही. तसं नव्हतं. माळ घातल्यानंतर दुसऱ्या वर्षी, ती तांदूळ निवडत असताना ते समोर येऊन बसले आणि 'त्या रात्री' एवढंच म्हणाले. तिने हात वर केला. म्हणाली, 'तुम्हाला मोकळं व्हायचंय, मला ते परत ऐकायचं नाही.' ते उठले. तेव्हापासून पेन्शन आली की पाकीट न उघडता तिच्या डब्याखाली ठेवतात. बारा वर्षं. हे मला तिने काल सांगितलं.

पाटल्यांचं विचारलं तर म्हणाली, करायला सांगितल्या नाहीत, आता हातही बारीक झालेत.

माझं मत यामुळे बदललेलं नाही. सप्ताहात त्यांच्या पाया पडणारे तिच्याही पडले पाहिजेत. पण तिने हात वर केला आणि ते थांबले, एवढं मी वडिलांच्या बाजूने लिहिते. आणि दिवेघाट ताई, त्या हात वर करणाऱ्या बाईची गोष्ट तुमच्या कुठल्या कीर्तनात असेल, तर मला खरंच ऐकायला यायचंय. वाल्ह्यालाही येईन.