शब्दचर्चा : 'बेबेरी'ला कायफळ म्हणावं का?

गुहागरहून प्रश्न : भाषांतरात 'बेबेरीच्या मेणबत्त्या' असा उल्लेख आलाय; बेबेरी हे एक अमेरिकी झुडूप. एका कोशात 'कायफळ' दिलंय, तर एका मित्राने 'बे' म्हणजे तमालपत्र असं धरून 'तमालपत्राचं बोर' सुचवलं. मी 'मेणफळ' असा शब्द घडवू का?

वेंगुर्ल्याहून : तमालपत्र तर नकोच. तमालपत्र दालचिनीच्या घरातलं, त्याचा इथे काही संबंध नाही.

कायफळ मात्र खरंच भाऊबंद आहे, दोघांचं कूळ एक. तरीही कायफळ लिहू नका. आपल्याकडे कायफळ म्हटलं की काष्ठौषधीच्या दुकानातली तांबूस साल आठवते. तिची पूड नाकाशी नेली की शिंकांवर शिंका! ते झाड हिमालयाच्या उतारांवरचं. त्याची लाल, रसाळ फळं उत्तराखंडात 'काफल' म्हणून मीठ लावून खातात. मेणाचा थर त्यांच्यावर नसतो.

बेबेरी अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्याकडची. सदाहरित झुडूप, पान चुरडलं की सुगंध येतो. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली तिला 'मिरिका सेरिफेरा' नाव दिलं, त्यातल्या 'सेरिफेरा'चा अर्थच मेण धारण करणारी. फळं फक्त मादी झुडपांना येतात, मिरीच्या दाण्याहूनही बारीक, फांदीला चिकटून, आणि वर निळसर-करड्या मेणाचा खरबरीत थर. ती पाण्यात उकळली की मेण वर तरंगतं, हिरवट, वासाचं. तिथे गेलेले युरोपीय त्याच्याच मेणबत्त्या करत.

'मेणफळ'ही टाळा. हिंदीत 'मैनफल' म्हणजे आपलं गेळफळ, वैद्यांचं वमनाचं औषध. नुसत्या एका मात्रेने घोटाळा होईल.

मालवणहून : पण हे मुठेलासारखंच झालं की! भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, बिया कुटून उकळायच्या, वर आलेला तवंग काढून घ्यायचा, थिजत आला की मुठीत दाबून गोळे करायचे. टाचांच्या भेगांना आम्ही तेच लावतो. त्याला कुणी मेण म्हणत नाही, तेलच म्हणतात.

वेंगुर्ल्याहून : अगदी मोलाचा मुद्दा काढलात. रसायनशास्त्राने पाहिलं तर बेबेरीचं 'मेण' हे मेण नव्हेच, मुठेलासारखी स्निग्ध चरबी आहे. तिच्यातलं एक मुख्य आम्ल मिरिस्टिक, आणि त्याला हे नाव मिळालं जायफळाच्या शास्त्रीय नावावरून. म्हणजे आपल्या बागांतल्या जायफळाशी नातं निघतं, ते असं! मधमाशीचं मेण 62 ते 65 अंशांना वितळतं, बेबेरीचं त्याच्या बरंच आधी.

तरी मी 'मेण'च ठेवीन. मराठीने हा शब्द कधी रसायनावर तोलला नाही. पॅराफिनच्या बत्तीलाही आपण मेणबत्तीच म्हणतो. पहिल्या उल्लेखात 'बेबेरी, कायफळाच्या कुळातलं एक अमेरिकी झुडूप' असं लिहा, पुढे नुसतं 'बेबेरीचं मेण'.