एकमेव प्रत हाती असलेला संग्राहक: राखणदार की मालक?

रिळवेडा: एडिसन कंपनीचा १९१०चा ‘फ्रँकेनस्टाइन’ आज पाहायला मिळतो तो विस्कॉन्सिनमधल्या एका खाजगी संग्राहकामुळे. जेमतेम तेरा-चौदा मिनिटांचा भयपट. १९८०मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने महत्त्वाच्या हरवलेल्या चित्रपटांत त्याला धरलं होतं, आणि नायट्रेटचं, म्हणजे त्या काळच्या चटकन पेटणाऱ्या फिल्मचं, रीळ तर या गृहस्थाच्या घरात होतं! मूकपट वाचवले ते अशा वेड्या माणसांनीच.

मीनल: वाचवला, हे शंभर टक्के मान्य. पण नंतर? त्याने काढलेल्या प्रतींवर आपल्या मालकीची खूण ठसठशीत ठेवली. संग्रह अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या सरकारी ग्रंथालयाकडे गेला आणि २०१८ साली नीट केलेली प्रत खुली झाली, तेव्हा कुठे ती सगळ्यांना मिळाली. नायट्रेट आकसतं, चिकट होतं, शेवटी त्याची पूड होते. ते कोणासाठी थांबत नाही. आपल्याकडे फाळक्यांच्या घरच्यांकडून रिळं पुण्याच्या संग्रहालयात आली, म्हणून ‘कालिया मर्दन’ आपण पाहतो.

रिळवेडा: संस्थेत गेलं की सुरक्षित, असं कुठे आहे? मूकपटांतला नट लॉन चॅनी याच्या ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ची शेवटची ज्ञात प्रत १९६५मध्ये तो काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओच्याच गोदामाच्या आगीत गेली. २००३मध्ये पुण्यातही आगीत नायट्रेट रिळं जळाली. चार घरांत चार प्रती असत्या तर?

सावली: तुम्ही दोघंही ‘फ्रँकेनस्टाइन’मधल्या त्या कढईबद्दल बोलतच नाही! धुराने भरलेल्या कढईतून आधी सांगाडा वर येतो, मग त्याच्यावर हळूहळू मांस चढतं, एक हात लोंबकळत हलतो. पुतळा जाळून चित्रण केलं आणि ते उलटं दाखवलं, एवढीच युक्ती. शेवटी राक्षस नाहीसा होतो, पण आरशात त्याचं प्रतिबिंब तसंच उभं राहतं. आवाज नाही, म्हणून आपण श्वास रोखून पाहतो. हे एकदा पाहिलेल्या माणसाला रीळ हातातून सोडवणार नाही, हे मी समजू शकते. मात्र पाहायला दिलंच नाही, तर भुरळ तरी कोणाला पडणार?

मीनल: अगदी हेच! मूळ रीळ खुशाल त्याच्याकडे राहू दे. पण दुसरी प्रत दुसऱ्या गावात हवी, आणि तीही त्याच्या हयातीत.

रिळवेडा: प्रतीचं मला पटलं. पण आकसलेल्या नायट्रेटवरून प्रत काढणं हे साध्या यंत्राचं काम नाही, खर्चिक आहे. तो खर्च एकट्या संग्राहकाच्या खिशातून जाणार असेल, तर त्याला दोष देताना मी दहादा विचार करीन.