मुलांना प्रीती, क्षमा आणि आशा कशी शिकवलीत? गोव्यातल्या मराठी घरांचे अनुभव

धागाकर्ती, पणजी

नमस्कार मंडळी. गोव्यात मुलांची दोतोर्न, म्हणजे चर्चमधलं धर्मशिक्षण, बहुतेक ठिकाणी कोंकणीतून चालते, काही ठिकाणी इंग्रजीतून. कोल्हापूर, सांगली, सावंतवाडीकडून नोकरीधंद्याला इथे आलेल्या ख्रिस्ती घरांत मात्र रविवारचा धडा पक्का होतो तो आईच्या नाहीतर आजीच्या मराठीत. आमच्या चर्चच्या मराठी मंडळीतल्या मुलांचं संडे स्कूल मी घेते, म्हणून हा धागा काढते आहे.

गोव्याला हे काम नवं नाही. सेंट फ्रान्सिस झेवियर 1542 च्या मे महिन्यात इथे उतरले आणि हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांवरून मुलांना गोळा करत फिरले. धडे ते चालीवर म्हणून घेत. पुढे फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ते ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली राशोलला छापलं गेलं. म्हणजे ओवीत, गोष्टीत, चालीत सांगायचं, हे आपल्याकडे चारशे वर्षांपासून ठरलेलंच आहे.

प्रश्न पुढचा आहे. वचन पाठ होतं, चित्र रंगवून होतं, आणि घरी जाताना गाडीत मागच्या सीटवर मारामारी होते. ‘चल, सॉरी म्हण तिला’ असं दटावून मूल सॉरी म्हणायला शिकतं, क्षमा करायला नाही, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही काय केलंत? कुठली गोष्ट मुलांना भिडली? ख्रिस्ती नसाल तरी लिहा. मुलांची नावं मात्र घालू नका.

वास्कोकर

मी मुरगाव बंदरात कामाला आहे. मुलगी सहावीत, मुलगा चौथीत. कंपास पेटीवरून दोघांची जुंपली होती, आणि त्या आठवड्याचा पाठ होता बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय, येशूने सांगितलेली गोष्ट: राजाचं प्रचंड कर्ज माफ झालेला चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो.

मी उपदेश केला नाही, कागद दिला. म्हटलं, एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार. चाकराचं देणं होतं 10,000 तालांत. आता सांगा, फेडायला किती दिवस लागतील? धाकटा जीभ बाहेर काढून शून्यं मोजत बसला. सहा कोटी दिवस! मुलीने 365 ने भागलं: 1,64,000 वर्षांच्या वर. ती कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “पप्पा, हे तर फिटणारच नव्हतं. मग त्याने राजाकडे मुदत कशाला मागितली?”

इतकी वर्षं ही गोष्ट ऐकतोय, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्याने माफी मागितलीच नव्हती, मुदत मागितली होती. राजाने कर्जच सोडून दिलं. पण चाकराच्या डोक्यात हिशेब चालूच राहिला.

आणखी एक. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे तीन महिन्यांचा पगार. ही काही किरकोळ रक्कम नव्हे. ‘तुझं काय एवढं मोठं नुकसान झालं’ असं येशू म्हणत नाही. मुलांना हे सांगितलं पाहिजे, कारण आपण मोठी माणसं नेमकं तेच म्हणतो: जाऊ दे ना, एवढंसं तर आहे. मुलासाठी ते एवढंसं नसतं.

फोंडेकरीण

मी हिंदू. चर्चच्या शाळेत मराठी शिकवते. कॅथलिक मुलं दोतोर्नच्या तासाला गेली की उरलेल्या वर्गाला नीतिमूल्यांचा तास असतो, तो माझ्याकडे येतो. त्यात मी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट दर वर्षी घेते.

जेरुसलेमहून यरीहोला जाणारी वाट पंचवीस-तीस किलोमीटरची, आणि तेवढ्यात जवळजवळ हजार मीटर उतार. निर्जन, वळणावळणाची. आमच्या मुलांना अनमोड घाट ठाऊक आहे, त्यामुळे लुटारू कुठे दबा धरून बसले असतील ते सांगावं लागत नाही. लुटारूंनी मारून टाकलेला वाटसरू रस्त्यात पडलाय. याजक बाजूने निघून जातो, लेवी (मंदिराचा सेवक) निघून जातो, आणि थांबतो तो शोमरोनी, ज्याच्या जातीशी यहुदी लोक संबंधही ठेवत नसत.

इथे बरेच शिक्षक ‘म्हणून सर्वांना मदत करावी’ म्हणत पुस्तक मिटतात. मला ते पटत नाही. गोष्टीतला काटा तिथे नाहीच. मी मुलांना चिठ्ठी देते: रस्त्यात पडला असताना तुला कुणाच्या हातून मदत घ्यायला आवडणार नाही, ते लिही. नाव नको, फक्त मनात कोण आलं तेवढं. आणि चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही, घडी करून खिशात ठेवायची. वर्ग एकदम गप्प होतो. कुणाच्या मनात शेजारी येतो, कुणाच्या मनात दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या राज्यातून आलेला माणूस. ते त्यांचं त्यांना कळतं.

मग कामाचं बोलतो. अपघात दिसला की 108, रुग्णवाहिका. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती घरातून आलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली याबाबतच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं 134 अ कलम आलं. मदत करणाऱ्याने आपलं नाव-गाव सांगितलंच पाहिजे अशी सक्ती नाही. मुलं हे घरी जाऊन वडिलांना सांगतात. मला त्याचा फार आनंद होतो.

म्हापशाची आजी

माझं माहेर सावंतवाडीकडचं. नाताळात आमच्या वाड्यावर घराघरांत ताटं जातात. नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं, वरून क्रोशाचा रुमाल. हिंदू शेजाऱ्यांकडेही जातं, आणि चवथीला त्यांच्याकडून आपल्याकडे येतं.

शेजारच्या एका घराशी आमचं कुंपणाच्या भिंतीवरून बिनसलेलं. कोर्टात तारखा चालू. त्या वर्षी मी नातवाला म्हटलं, पहिलं ताट तिथे न्यायचं. तो म्हणाला, “आजी, ते तर सॉरीसुद्धा म्हणाले नाहीत!” मी म्हटलं, बाबा, ताट सॉरीच्या बदल्यात नसतं. येशूच्या गोष्टीतला तो उधळा पुत्र सगळं उडवून घरी परतत होता. बाप दूरवरून पोराला बघून धावला, तेव्हा पोराचं तोंड अजून उघडलं नव्हतं.

पोरगा गेला. त्यांनी ताट घेतलं. बाई आतून लाडू घेऊन आली आणि रिकाम्या ताटात घातले. खटला अजून चालू आहे, वकिलाची फी अजून जातेच आहे. भिंतीचं भिंतीपाशी. पण आता नातू त्यांच्या अंगणात बॅट घेऊन जातो, चेंडू आत गेला की हाक मारतो.

मंडळीतला एक

थोडं वेगळं लिहितो. माझ्या लहानपणी धर्मशिक्षण म्हणजे पापांची यादी आणि नरकाची आग. कुठे ते सांगत नाही. रात्री दिवा मालवायला मी घाबरायचो. देव प्रेमळ आहे हे वाक्य पाठ होतं, अंगाला लागलं नव्हतं.

माझ्या मुलीला मी पहिली गोष्ट सांगितली ती जक्कयाची. बुटका जकातदार, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याला म्हणतो, आज तुझ्या घरी उतरायचं आहे. आधी घरी जेवायला जाणं, आणि मग जक्कय स्वतःहून अर्धी मालमत्ता गोरगरिबांना द्यायला निघतो, लुबाडलेलं चौपट परत करायला तयार होतो. हा क्रम उलटा सांगितला तर सगळंच हातचं जातं. मुलाला वाटतं, मी चांगला झालो तरच देव माझ्याकडे येणार.

बाणावलीची दोतोर्न टीचर

वर मंडळीतला एक यांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं. मी मोठ्या मुलांचा, कन्फर्मेशनचा (श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराचा) वर्ग घेते. या वयाला गोष्टी बाळबोध वाटतात. त्यांना मी सिस्टर राणी मारियांबद्दल सांगते. मध्य प्रदेशात गरीब आदिवासींना सावकारीतून सोडवायचं काम करणारी केरळची नन. 1995 साली तिला चालत्या बसमध्ये भोसकून मारलं. 2002 च्या राखीपौर्णिमेला तिची धाकटी बहीण, तीही ननच, तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याला राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी विनंती केली, 2006 मध्ये तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरला राणी मारियांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा तोही हजर होता.

एका मुलाने विचारलं, “टीचर, पण मग तुरुंगात कशाला ठेवायचं?” हा प्रश्न आला की मी दार लावून बसते, कारण इथे घाई करून चालत नाही. तुरुंगात सात वर्षं गेल्यावर त्याला राखी बांधली. क्षमा म्हणजे घडलेलं लपवणं नव्हे. मी वर्गात स्पष्ट सांगते: कुणी तुम्हाला नको तिथे हात लावला, धमकावलं, गप्प राहा म्हणाला, तर तिथे ‘माफ करून टाक’ हा धडा लागू नाही. आधी सांगायचं. आईला, मला, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला. गोव्यात 2003 पासून मुलांसाठी स्वतंत्र कायदा आहे, देशभरात मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा 2012 चा पॉक्सो कायदा आहे, आणि अशी गोष्ट कळल्यावर ती पोलिसांना कळवणं मोठ्यांवर बंधनकारक आहे, मग तो मोठा माणूस फादर असो, सिस्टर असो की मी. क्षमेचं नाव घेऊन मुलांना गप्प बसवणं हे मला पाप वाटतं, आणि हे प्रत्येक धर्मशिक्षकाने उघड बोलावं.

बेतुलची आई

प्रीती आणि क्षमेवर पुष्कळ झालं, मी आशेवर लिहिते. नवरा ट्रॉलरवर. सासरे गेले ते ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात. ते आजारी असताना मुलगा रोज विचारायचा, “प्रार्थना केली की आजोबा बरे होणार ना?” नातेवाईक म्हणायचे, हो रे हो, नक्की होणार. मला ते बोलवेना. खोटं ठरलं तर मूल देवावरच रुसणार.

त्याच्या बाबाने सोडवलं. बायबलातल्या इब्री लोकांस पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. हा म्हणाला, बाळा, नांगर टाकला म्हणून वादळ थांबतं का? नाही थांबत. होडी मात्र खडकावर जात नाही. मुलाने नांगर उचलून बघितलाय, त्याचं वजन त्याला माहीत आहे. पुढे त्याने विचारलं ते इतकंच, “म्हणजे आजोबा गेले तरी देवाकडे धरलेले असणार?” हो म्हटलं.

गुड फ्रायडेला तो खूप रडला. ईस्टरच्या आधीचा शनिवार मी मुद्दाम रिकामा ठेवला, कुठे फिरायला नेलं नाही. शुक्रवारी येशू क्रुसावर गेला, रविवारी उठला; मधला तो दिवस शिष्यांनाही काही न कळता काढावा लागला होता. आपण मुलांना शुक्रवारवरून थेट रविवारात उडी मारायला लावतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वास्कोकर दादांचा हिशेब येत्या रविवारी पाचवी-सहावीच्या वर्गात घेणार. टीचर, राणी मारियांची गोष्ट आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सांगावी का?

बाणावलीची दोतोर्न टीचर

नको ताई, तेरा-चौदाच्या आधी नको. रक्ताचंच चित्र डोक्यात राहतं. लहानांना योसेफ आणि त्याला गुलाम म्हणून विकून टाकणारे त्याचे भाऊ द्या. बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाचा 42 ते 45 अध्यायांचा भाग सलग तीन रविवार पुरतो. योसेफ भावांना ओळखतो, पण लगेच गळ्यात पडत नाही. धान्य देतो, परीक्षा बघतो, आतल्या खोलीत जाऊन रडतो, तोंड धुऊन परत येतो. मुलांना हे फार पटतं, की एवढ्या मोठ्या माणसालाही वेळ लागला. आणि 50 वा अध्याय गाळू नका. बाप याकोब वारल्यावर भाऊ पुन्हा घाबरतात, की आता हा सूड घेणार. माझ्या वर्गात दर वेळी कुणीतरी विचारतंच, “टीचर, एकदा माफ केलं होतं ना, मग परत का घाबरले?” त्या प्रश्नावर पूर्ण तास द्या, उत्तर मुलांनाच शोधू द्या.