'जबाबदारीने खेळा' ही जबाबदारी नक्की कोणाची?

मंजिरी_डोंबिवली
ऑनलाइन रमीच्या कंपन्या 'जबाबदारीने खेळा' म्हणत दोष खेळणाऱ्यावर ढकलतात, असं संशोधक म्हणतात. त्यावर काल इथे कोणीतरी लिहिलं होतं, 'ज्याला थांबता येत नाही त्याने खेळू नये. कंपन्यांना झोडणारे संशोधक उंटावरून शेळ्या हाकतात.' रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा धाकटा दीर. लोकलमध्ये जाता-येता तीन तास आणि हातात रमी. आधी पन्नास रुपये, मग पगार, मग कर्ज देणारी ॲप्स. सासूबाईंच्या पाटल्या गेल्या तेव्हा घरात कळलं. त्याने मधे आठ दिवस सोडलं होतं. नवव्या दिवशी कंपनीचा मेसेज: खात्यात शंभर रुपये बोनस जमा. सुटू पाहणाऱ्याला परत ओढणारे हेच आणि जाहिरातीखाली 'जबाबदारीने खेळा' छापणारेही हेच.

ऑस्ट्रेलियातल्या सरकारी उत्पादकता आयोगाने २०१० मध्ये अंदाज मांडला की जुगाराच्या मशिनांत पडणाऱ्या पैशांपैकी सुमारे ४० टक्के पैसा खेळणं हाताबाहेर गेलेल्या लोकांचा असतो. सगळे खरोखर जबाबदारीने खेळायला लागले तर या धंद्याचं काय होईल, एवढंच संशोधक विचारतात. त्यात चूक काय?

विक्रोळीकर७०
ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही म्हणतो. रमी हा कौशल्याचा खेळ, हे सुप्रीम कोर्टाने साठच्या दशकातच सांगितलं. महालक्ष्मीला घोडे धावतात, राज्य सरकार १९६९ पासून लॉटरी विकतंय, ते चालतं. मी महिन्याला पाचशेच्या वर कधी गेलो नाही. माझे वडील रतन खत्रीचा मटका, म्हणजे पत्ते काढून ठरणाऱ्या आकड्यावरचा जुगार, खेळायचे आणि आमचं घर बुडालं नाही. पत्ते लोकांसमोर काढले जात, लागलेला पैसा बुडत नसे. तेवढा प्रामाणिकपणा आज बँकेत मिळत नाही.

परळचा_पोरगा
खत्रीचा प्रामाणिकपणा ऐकून ऐकून कान किटले. आधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लागायचा. १९६१ मध्ये ते भाव येणं बंद झालं, मग कल्याणजी भगतने १९६२ मध्ये वरळीत मटका काढला आणि १९६४ मध्ये खत्रीने. गिऱ्हाईक कोण? आमचे गिरणीतले बाप. पगाराच्या दिवशी आई मला कडेवर घेऊन गेटवर उभी राहायची, बाबा पानवाल्याकडे पोचायच्या आत पाकीट हातात यावं म्हणून.

हिशोब करा. आकडे दहा, लागला तर रुपयाला नऊ. पत्ते अगदी प्रामाणिकपणे काढले तरी दर दहा रुपयांत एक रुपया मटकेवाल्याचा. फसवायची त्याला गरजच नव्हती.

दलाल_स्ट्रीट
मटका कसला घेऊन बसलात? एफ अँड ओ बघा, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेले सौदे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच २०२४ मध्ये सांगितलं, तीन वर्षांत ९३ टक्के लोक तोट्यात, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त गेले. दहातले नऊ बुडतात हा इशारा स्क्रीनवर येतो. मी स्वतः रोज सकाळी तो वाचून 'ओके' दाबायचो. इशाऱ्याने कोणी थांबत नाही.

विक्रोळीकर७०
@परळचा_पोरगा माझ्या वडिलांचा विषय काढू नका. तीन पाळ्यांत राबलेला माणूस होता तो, रुपयाभराची गंमत करायचा. त्यांना मूर्ख ठरवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

परळचा_पोरगा
वडिलांचा विषय तुम्हीच काढलात. आणि माझे बाबाही राबलेच ना? ८२ च्या संपात गिरणी गेली, आकडा मात्र सुटला नाही. त्यांना मूर्ख मी तरी कसा म्हणेन? फरक वेगाचा आहे. तेव्हा रात्री ओपनचा आकडा निघायचा आणि मध्यरात्री क्लोजचा. मधे माणूस जेवायचा, भांडायचा, भानावर यायचा. मोबाईलवर एक डाव संपायच्या आत दुसरा समोर. हा वेग ठरवतो कोण? खेळणारा तर नाहीच.

मंजिरी_डोंबिवली
हेच म्हणायचं होतं मला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ मध्ये जुगार दारूसारख्या व्यसनांच्या यादीत घातला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या ऑगस्ट २०२५ च्या आपल्या कायद्यातही शिक्षा चालवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला नाही.

विक्रोळीकर७०
बरं, वेगाचा मुद्दा मान्य. बोनसचा मेसेज पाठवणं हा हलकटपणा, तेही मान्य. खत्रीचं मान्य नाही. पण बंदीने काय साधलं? आमच्या इमारतीतला पोरगा आता टेलिग्रामवरून आयडी, म्हणजे खेळायचं खातं, घेऊन परदेशी साइटवर खेळतो. तिथे पैसे अडकले तर तक्रार कोणाकडे करणार? आधी निदान कंपनीचा पत्ता तरी होता.

मंजिरी_डोंबिवली
आयडीचं खरं आहे, ते मी नाकारत नाही. गेल्या महिन्यात दिराच्या फोनवरही तसाच मेसेज आला. त्याने तो मला दाखवला आणि बटणांचा साधा फोन मागून घेतला. आता लोकलमध्ये खिडकीबाहेर बघत जातो. कर्जाचे हप्ते अजून चौदा महिने आहेत.