सॉफ्टबॉल म्हणजे 'पोरींचं बेसबॉल'? कुणी सांगितलं?

वारणाकाठ: काल 'माळावरचा' यांनी लिहिलंय, "सांगलीनं विजय हजारे दिले, स्मृती मानधना दिली. मुलींची लीग काढायचीच तर क्रिकेटची काढा. सॉफ्टबॉल म्हणजे पोरींना झेपावं म्हणून मऊ केलेलं बेसबॉल." वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतेय.

१८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात बापयगडी येल-हार्वर्ड या दोन विद्यापीठांच्या सामन्याच्या निकालाची वाट बघत बसले होते. एकानं बॉक्सिंगचा ग्लोव्ह फेकला, दुसऱ्यानं काठीनं टोलवला. जॉर्ज हॅनकॉकनं तोच ग्लोव्ह आवळून बांधला, हॉलमध्ये खडूनं मैदान आखलं, झाला खेळ सुरू. थंडीत आत बसून खेळायची सोय! पोरींना झेपण्याचा प्रश्न आला कुठं? 'सॉफ्टबॉल' हे नावसुद्धा १९२६ चं.

आणि मऊ काय त्यात? पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, ४३ फुटांवर. ताशी शंभर किलोमीटरनं खालून चेंडू आला की बॅटरला अर्धा सेकंदही मिळत नाही. मी शाळेत कॅचर होते, बॅटरच्या मागं चेंडू झेलणारी. मिट, म्हणजे झेलायचा हातमोजा, एकच, अंगठ्याजवळची वादी तुटलेली, सुतळीनं ओवलेली. जिल्ह्याच्या मॅचला बॅटची कड लागून चेंडू उजव्या करंगळीवर बसला. आजही भाकरी थापताना ती करंगळी वरच राहते. सॉफ्ट म्हणे!

माळावरचा: करंगळीचं वाईट वाटलं, ताई. पण इतिहास सोयीपुरताच सांगितलात. अमेरिकेतल्या होबोकेनची मारिया पेपे १९७२ मध्ये लिटल लीगमध्ये, म्हणजे तिकडच्या पोरांच्या बेसबॉल लीगमध्ये, मुलांबरोबर तीन सामने खेळली. वरून दट्ट्या आला, संघाची मान्यता काढू म्हणून, आणि तिला घरी बसवलं. प्रकरण कोर्टात गेलं, १९७४ ला मुलींना घ्यावं लागलं. त्याच वर्षी लिटल लीगनं मुलींसाठी सॉफ्टबॉल सुरू केलं. पंगतीत घ्यायची वेळ आली तेव्हा शेजारी वेगळी पंगत मांडली! ऑलिंपिकमध्ये १९९६ ते २००८ तेच, बेसबॉल पुरुषांना, सॉफ्टबॉल बायकांना. माझा राग त्या वेगळ्या पानावर आहे, पोरींवर नाही.

वारणाकाठ: मग कालच असं लिहायचं होतं. 'झेपावं म्हणून' कुणी लिहिलं, माझ्या करंगळीनं?

ऊसकरी: शिकागो राहू द्या शिकागोत. आमच्यात हा खेळ चालतो दहावीच्या सवलतीच्या गुणांवर आणि सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणावर. कबड्डीत तालुक्यालाच घाम फुटतो, इथं संघच मोजके. पोरगी दोनदा बॅट धरते अन् राज्याला जाऊन येते. माझा पुतण्या सात वर्षं तालमीत घाम गाळतोय, त्याला काय मिळालं?

शिट्टी: ऊसकरी, तोंड सांभाळा. मी पीटीचा मास्तर, कराडकडचा. दोनदा बॅट धरून राज्याला जाणारी एक पोरगी दाखवा. माझ्या पोरी सकाळी सहाला येतात, साडेसातला म्हशीची धार काढायला घरी पळतात. एकीच्या बापानं खेळ बंद केला होता. सवलतीचे गुण मिळतात म्हटल्यावर धाडली. गुण नसते तर ती पोरगी मैदानात दिसली नसती.

ऊसकरी: म्हणजे गुणांसाठीच की वो! मी दुसरं काय म्हणलो?

शिट्टी: बापानं गुणांसाठी धाडली. ती आली खेळायला. फरक कळत नसेल तर राहू द्या.

हळदीचं पेव: पुतण्याला काय मिळालं विचारताय? कुस्तीला खासदार-आमदार येतात, फेटा बांधतात, गदा देतात. आमच्या फायनलला सरपंच आले, पाच मिनिटं बसले, "क्रिकेट का नाही?" विचारून गेले.

ऊसकरी: कुस्तीवर घसरू नका. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला लोकवर्गणीच्या पैशावर गेले, गदा-फेट्यावर नाही.

हळदीचं पेव: तेच म्हणतोय, पाटील! वर्गणी काढा की मग पोरींसाठी पण.

ऊसकरी: मी पाटील नाही. आणि खेळाची बनावट सर्टिफिकेटं निघतात हे खोटं आहे का?

शिट्टी: निघतात. मी नाकारत नाही. पण खोट्या नोटा निघतात म्हणून बाजार बंद करता का? जो कागद विकतो त्याला धरा.

माळावरचा: धागा कुठल्या कुठं गेला. वारणाकाठ, खेळ पुरुषांनी काढला हे मान्य, 'झेपावं म्हणून' हे माझे शब्द मागे. पण माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला मुलांच्याच टीममध्ये घ्यावं यासाठी मी भांडणार.

वारणाकाठ: भांडा. मी पण येते. पण तिला आधी एकदा पिचिंग करून बघू द्या, मग तिलाच विचारा.

ऊसकरी: लीगचं ठरलंच तर मैदान कुठलं? आमच्या इथल्यावर सेलचा मांडव पडलाय, महिना झाला.

शिट्टी: मांडव उतरला की खिळे वेचायला या, ऊसकरी. पुतण्यालाही आणा. गेल्या वर्षी बेस गाठायला घसरताना, पहिल्याच स्लाइडला, एका पोरीचा गुडघा फाटला.

ऊसकरी: येतो. पण गुणांचं माझं मत तेच हाय.